ताटाची डावी बाजू मोठी करा: घरच्याच जेवणातून वजन उतरवण्याची रीत

वजन कमी करायचे ठरले की पहिल्या आठवड्यात घरात ओट्स, चिया आणि हिरव्या चहाची पाकिटे येतात, दुसऱ्या आठवड्यात पोळी बंद होते आणि तिसऱ्या आठवड्यात कुणाच्या तरी बारशाच्या पंगतीत सगळा संकल्प श्रीखंडात बुडतो. यात माणसाच्या निग्रहाला दोष देण्याचे कारण नाही. जे अन्न आपल्या घरात रोज शिजत नाही, त्यावर वर्षभर राहणे सहसा कोणालाच जमत नाही आणि वजन उतरवण्याचे काम तर कमीत कमी वर्षभराचे असते. म्हणून वरण, भात, पोळी, भाजी, उसळ, कोशिंबीर हेच जेवण कायम ठेवून त्यातली प्रमाणे कशी बदलावीत, ती कशाने मोजावीत आणि हिशेब नेमका कुठे चुकतो, हे येथे सांगितले आहे.

आपल्याकडे ताट वाढण्याची रीत ठरलेली आहे. मीठ, लिंबू, चटणी, लोणचे आणि कोशिंबीर डावीकडे, भाजी, उसळ आणि आमटी उजवीकडे, तर मध्ये भात आणि पोळी. या रीतीत काहीच चूक नाही. चूक वाढणाऱ्याच्या हातात आहे. रोजच्या जेवणात डावीकडची कोशिंबीर चमचाभर असते, उजवीकडची आमटी पातळ असते आणि पोट भरण्याचे सगळे काम मधल्या पोळी-भातावर येऊन पडते. पुढे जे काही सांगितले आहे त्याचा गाभा एवढाच, की डावी बाजू वाटीभर करायची, उजवी बाजू घट्ट करायची आणि मग मध्ये जेवढी जागा उरेल तेवढ्यातच पोळी किंवा भात बसवायचा.

आधी टेप, मग काटा

सुरुवात कंबरेपासून करावी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले होते. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे दाखवणारा आकडा, अगदी सारखा, २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी होती, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. काट्यावर ठीक दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या पोटाभोवती किती चरबी लपलेली असू शकते, हे त्या एका छायाचित्राने जगाला दाखवले. भारतीयांसाठी या इंडेक्सवर जास्त वजनाची सीमा २५ ऐवजी २३ वर आणि लठ्ठपणाची सीमा ३० ऐवजी २५ वर धरतात, ती याच कारणाने.

शिंप्याकडे असते तशी टेप घ्यावी. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध ती पोटाभोवती सैल न ठेवता, पण रुतू न देता धरावी आणि सहज श्वास सोडल्यावर आकडा वाचावा. पोट आत ओढून घेतलेला आकडा कितीही सुंदर दिसला तरी तो कामाचा नाही. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानतात. त्यापुढे घेर गेला असेल, तर वजन ‘नॉर्मल’ असले तरी पुढचे सर्व तुमच्यासाठीच आहे.

वजन आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर आणि काही खाण्यापूर्वी करावे. पहिल्या आठवड्यात कधी कधी दोन किलो उतरतात आणि माणूस हुरळून जातो. पण त्यातले बरेचसे पाणी असते, कारण शरीरात ग्लायकोजेनच्या रूपाने साठवलेले कर्बोदक वापरले गेले की त्याच्याबरोबर धरून ठेवलेले पाणीही निघून जाते. खरा वेग आठवड्याला साधारण अर्धा किलो. सध्याच्या वजनाच्या ५ ते १० टक्के एवढीच घट झाली तरी रक्तशर्करा आणि रक्तदाब यांत फरक पडू लागतो, म्हणून ८० किलोच्या माणसाने पहिले लक्ष्य ७५ चे ठेवावे. लग्नाच्या वेळच्या वजनाचे ठेवू नये.

एक गोष्ट येथेच स्पष्ट करायला हवी. गर्भवती आणि स्तनदा मातांनी, अठरा वर्षांखालील मुलांनी, मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय आहारात मोठा बदल करू नये. जेवण कमी झाले आणि औषधाची मात्रा तीच राहिली, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते.

तेलाच्या डब्यावर तारीख लिहा

प्रथिने आणि कर्बोदके यांच्या एका ग्रॅममधून सुमारे ४ कॅलरी मिळतात, तर तेल-तुपाच्या एका ग्रॅममधून ९. त्यामुळे मराठी स्वयंपाकघरात हिशेब सर्वांत आधी तेलात चुकतो आणि चुकला आहे हे कळतही नाही, कारण ताटात तेल वेगळे वाढलेले नसते.

मी एकदा घरच्या बटाट्याच्या भाजीचा हिशेब करून पाहिला. भाजी चार माणसांची होती आणि फोडणीला ‘दोन चमचे’ तेल घातले आहे असा माझा प्रामाणिक समज होता. बुधली फोडणीआधी आणि फोडणीनंतर वजनकाट्यावर ठेवली, तेव्हा फरक निघाला ४८ ग्रॅमचा. म्हणजे माणशी १२ ग्रॅम, तेही फक्त भाजीत. त्यात आमटीच्या फोडणीचे चार-पाच ग्रॅम आणि तीन घडीच्या पोळ्यांचे, घडीत लावलेले व वरून फिरवलेले मिळून, नऊ-दहा ग्रॅम धरले, की एका जेवणातच २५ ग्रॅमच्या वर गेलो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २००० कॅलरींच्या दिवसभराच्या आहारात स्वयंपाकात वरून घातलेले तेल-तूप साधारण एवढेच धरले आहे. मी ते दुपारी एक वाजेपर्यंत संपवले होते.

बुधलीतून धार धरण्याची सवय हीच यातली अडचण आहे. धार डोळ्यांना कमी वाटते आणि कढई जितकी मोठी तितकी ती अधिकच कमी वाटते. उपाय साधा आहे. पाच मिलिलिटरचा मापाचा चमचा तेलाच्या भांड्यातच कायमचा ठेवावा आणि चार माणसांच्या भाजीला चार चमचे, आमटीला दोन चमचे असे ठरवून टाकावे. नवीन डबा किंवा पिशवी फोडली की तिच्यावर पेनने तारीख लिहावी. एक लिटर तेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम असते, हे धरून हिशेब केला तर वजन कमी करू पाहणाऱ्या चार मोठ्या माणसांच्या घरात महिन्याला अडीच लिटरच्या आसपास तेल पुरायला हवे आणि त्यातही तूप-लोणी वेगळे मोजायला हवे. पाच लिटरचा डबा महिनाअखेरीस रिकामा होत असेल, तर व्यायामशाळेचे पैसे भरण्याआधी डब्याकडे पाहावे.

तेल कमी केले की भाजी खाली लागते, अशी तक्रार येते आणि ती खरी आहे. त्यावर आपल्याच आज्यांची युक्ती आहे. कढईवर खोलगट ताटली झाकण म्हणून ठेवून तिच्यात पाणी घालायचे. खालून वाफ वर जाते, थंड ताटलीला लागून पुन्हा भाजीत पडते आणि भाजी स्वतःच्या ओलाव्यावर शिजते. ताटलीतले तापलेले पाणी नंतर भाजीतच घालता येते. वरणाला आणि पालेभाजीला फोडणी आधी न देता शेवटी वरून द्यावी. लसूण, हिंग आणि लाल मिरचीचा वास वरच्या वर राहतो आणि एका चमच्यात तीन चमच्यांचे काम होते. हे आठ दिवस करून पाहिले तर घरातले कोणी सहसा ओळखत नाही.

दाण्याचे कूट आणि ओले खोबरे यांनाही याच खात्यात धरावे. एक मोठा चमचा, म्हणजे १० ग्रॅम कूट म्हणजे सुमारे ५५ कॅलरी. शेंगदाणे प्रथिनांसाठी खातो असे सांगणाऱ्याने हे लक्षात घ्यावे, की त्यांत प्रथिने असतात हे खरे. पण त्यांच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग तेल असते. कूट टाकून देऊ नये, मात्र भाजीत मूठभर घालण्याऐवजी चमच्याने घालावे.

ताट प्रत्यक्ष कसे वाढायचे

राष्ट्रीय पोषण संस्थेने २००० कॅलरींचे जे दैनंदिन ताट आखले आहे, त्यात धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम आणि फळे १०० ग्रॅम आहेत. चारशे ग्रॅम भाजी म्हणजे किती, हे एकदा मंडईतून आणून काट्यावर ठेवून पाहावे. चौघांच्या घरासाठी रोज दीड किलोच्या वर भाजी लागते. आपल्याकडे मेथीच्या दोन जुड्या चौघांत दोन वेळा पुरवतात. म्हणजे वजन कमी करण्याच्या मार्गात आडवे येणारे पहिले काम बाजारहाटाचे आहे आणि दुसरे चिरण्याचे. घरातली एकच बाई हे सगळे चिरत बसणार असेल तर योजना पंधरा दिवसांत मोडेल. ज्याचे वजन उतरायचे आहे त्याने विळी किंवा सुरी हातात घ्यावी, हे या लेखातले सर्वांत कमी ऐकले जाणारे, पण सर्वांत उपयोगी वाक्य आहे.

दिवसभर बसून काम करणाऱ्या, सत्तर किलोच्या आसपास वजनाच्या माणसाने एका जेवणासाठी ताट असे वाढावे. मध्यम, म्हणजे दीडशे मिलिलिटरची वाटी घ्यावी. डावीकडे एक भरून वाटी कोशिंबीर किंवा पचडी आणि वर काकडी, मुळा, गाजर, टोमॅटो यांच्या फोडी. उजवीकडे दीड वाटी कमी तेलाची भाजी आणि एक वाटी घट्ट वरण किंवा उसळ. मध्ये दोन फुलके, किंवा एक फुलका आणि एक वाटी भात, किंवा एक लहान भाकरी. हे ताट साधारण ५०० कॅलरींचे होते. अशी दोन जेवणे, तीनशे कॅलरींचा नाश्ता आणि चहा, दूध, फळ, फुटाणे यांचे मिळून अडीचशे धरले, तर दिवस १५०० ते १६०० मध्ये बसतो. ठेंगण्या आणि हलक्या स्त्रियांना याहून थोडे कमी पुरते. पण स्वतःच्या मनाने १२०० च्या खाली जाऊ नये.

खाण्याचा क्रमही बदलावा. आधी कोशिंबीर आणि उसळ निम्मी संपवावी, मग पोळीला हात लावावा. भाज्या आणि प्रथिने आधी पोटात गेली की जेवणानंतर रक्तातली साखर कमी वेगाने चढते आणि तिसरी पोळी मागण्याची वेळ येईपर्यंत पोट भरल्याची जाणीव झालेली असते.

कोशिंबिरीबद्दल दोन शब्द अधिक लिहितो, कारण सगळी योजना तिच्यावर उभी आहे. काकडी, गाजर किंवा कोबी सकाळी किसून-चिरून डब्यात ठेवता येतात. मात्र मीठ पानावर बसायच्या वेळीच घालावे, नाही तर पाणी सुटून कोशिंबीर मऊ पडते आणि मग कोणी खात नाही. साखरेची चिमूट ही चिमूटच असावी. दही घरचे, साय काढलेल्या दुधाचे असले तर उत्तम. रोज तीच काकडी खाऊन आठ दिवसांत कंटाळा येतो, म्हणून कोबीची पचडी, मुळ्याचा कीस, बिटाचे दह्यातले रायते, मोड आलेले मूग घातलेली गाजराची कोशिंबीर असा आठवडा आधी ठरवून फ्रीजच्या दारावर लावावा.

भाकरीबद्दलचा एक गोड गैरसमज मात्र दूर करणे भाग आहे. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हापासून शहरातल्या घरांतही ज्वारी-नाचणी परत आली आणि ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु ज्वारीचे पीठ आणि कणीक यांच्या कॅलरी जवळजवळ सारख्याच आहेत. शंभर ग्रॅमला सव्वातीनशे ते साडेतीनशे. हाताने थापलेल्या एका मोठ्या भाकरीत ८० ग्रॅम पीठ सहज जाते, म्हणजे एक भाकरी घडीच्या दोन पोळ्यांच्या जवळ जाते. तीन पोळ्या सोडून तीन भाकऱ्या खाणाऱ्याचे वजन वाढते, ते यामुळे. भाकरीचा खरा फायदा हा, की तिला तेल लागत नाही, ती चावून खावी लागते आणि एकीत पोट भरते. मात्र एकीवर थांबले तरच.

घट्ट वरण

वजन कमी होताना नुसती चरबी जात नाही, तिच्याबरोबर स्नायूंचा काही भागही जातो. तो राखायचा तर प्रथिने पुरेशी हवीत आणि स्नायूंना काम हवे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे साठ किलोच्या व्यक्तीला सुमारे ५० ग्रॅम. वजन कमी करताना आणि व्यायाम करताना किलोमागे एक ग्रॅम किंवा थोडे अधिक ठेवणे चांगले.

शाकाहारी घरात ही बेरीज कुठे अडते, ते आमटीत दिसते. तुरीच्या डाळीत शंभर ग्रॅमला सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. पण ती कोरड्या डाळीत. चौघांच्या पातळ आमटीला मूठभर, म्हणजे चाळीस-पन्नास ग्रॅम डाळ घातली, तर माणशी वाट्याला अडीच ग्रॅमच येतात आणि उरलेली वाटी चिंच-गुळाच्या पाण्याची असते. तीच डाळ माणशी ३० ग्रॅम घेऊन घट्ट वरण केले तर एका वाटीत साडेसहा ग्रॅम मिळतात. मटकी, मूग, चवळी, हरभरा यांच्या उसळीचेही असेच आहे. रस्सा कमी आणि कडधान्य जास्त.

यासाठी रविवारी सकाळी पाव किलो मटकी भिजत घालावी, आठ-दहा तासांनी उपसून ओल्या पंचात घट्ट बांधून ठेवावी. उन्हाळ्यात सोमवारी सकाळपर्यंत बोटभर मोड येतात, थंडीत थोडा जास्त वेळ लागतो. मोड आलेली मटकी फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकते. तीतली मूठभर वाफवून पोह्यांत घालावी, मूठभर कोशिंबिरीत आणि उरलेल्याची उसळ करावी. नुसते कांदेपोहे म्हणजे पिठूळ पदार्थावर तेल आणि दाणे. त्यात निम्मे पोहे काढून तेवढीच मटकी किंवा मटार घातले, की तीच बशी दुपारपर्यंत पुरते.

दिवसाची बेरीज करून पाहू. चार फुलक्यांच्या सव्वाशे ग्रॅम कणकेतून तेरा ग्रॅम, एक वाटी घट्ट वरणातून साडेसहा, एक वाटी उसळीतून सात, मोठा पेलाभर दुधातून सहा-सात आणि वाटीभर दह्यातून साडेचार ते पाच. हे झाले अडतीसच्या आसपास. अंडी खात असाल तर दोन अंड्यांतून बारा मिळून पन्नास पूर्ण होतात. खात नसाल तर ५० ग्रॅम पनीर, त्यातून सुमारे नऊ, किंवा २५ ग्रॅम सोयाबीनच्या वड्या, त्यातून बारा-तेरा, हे अंतर भरतात. कोकणात आणि गोव्यात ज्यांच्या घरी मासे येतात त्यांना हा प्रश्न फारसा पडत नाही. शंभर ग्रॅम बांगड्यात अठरा-वीस ग्रॅम प्रथिने असतात; फक्त तो रवा लावून तेलात तळण्याऐवजी तव्यावर थोड्या तेलात किंवा हुमण-तिखल्यासारख्या कालवणात घ्यावा.

चहा, उपास आणि रात्रीचे जेवण

दिवसात चार कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर म्हणजे ४० ग्रॅम साखर झाली. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवणे अधिक चांगले मानते. एकदम बिनसाखरेचा चहा करू नये, तो कोणी पीत नाही. दर आठ-दहा दिवसांनी पाव चमचा कमी करत जावे. दोन महिन्यांत जिभेला जुना चहा गुळचट वाटू लागतो. साखरेऐवजी गूळ घातल्याने काही साधत नाही, कारण कॅलरींच्या हिशेबात दोघे सख्खे भाऊ आहेत. सकाळी कोमट पाण्यात लिंबू आणि मध घेतल्याने चरबी वितळत नाही. मोठा चमचाभर मधाच्या साठ कॅलरी मात्र जमा होतात. चहाबरोबरची खारी आणि बिस्किटे यांच्या पाकिटावर ‘मल्टिग्रेन’ लिहिलेले असले तरी मागची घटकांची यादी वाचावी. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते आणि पहिल्या तीन नावांत मैदा, साखर व पाम तेल दिसले तर पुढची सात धान्ये शोभेची आहेत असे समजावे.

‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण ज्याने केली त्याने साबुदाण्याची खिचडी मन लावून खाल्ली असली पाहिजे. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदातला जवळजवळ निव्वळ स्टार्च, प्रथिने नावालाच. एका बशीला ७५ ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम कूट, दोन चमचे तूप आणि अर्धा बटाटा धरला तर पाचशेच्या वर कॅलरी होतात, म्हणजे आपल्या पूर्ण ताटाएवढ्या, आणि दोन तासांत पुन्हा भूक. उपास सोडायला सांगत नाही. राजगिऱ्याची एक भाकरी, काकडीची कोशिंबीर, ताक आणि एखादे फळ यांवरही तो उत्तम होतो. दिवसातून दोनदाच आणि ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची, डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रभर पोहोचवलेली पद्धतही अनेकजण पाळतात. ज्याला मधल्या वेळचे चरणे थांबवणे कठीण जाते त्याला अशा पद्धतीची शिस्त उपयोगी पडते. पण त्या दोन जेवणांत चार जेवणांचे अन्न बसवले तर काटा हलत नाही.

रात्रीचे जेवण लवकर घ्यावे हा सल्ला देणे सोपे आहे; कल्याण-विरारकडे लोकलने नऊ वाजता घरी पोहोचणाऱ्याला तो पाळता येत नाही. त्याने जेवणच दोन भागांत वाटावे. संध्याकाळी सहाच्या सुमारास कार्यालयातच ३० ग्रॅम फुटाणे, त्यातून सहा ग्रॅम प्रथिने मिळतात, आणि एक फळ किंवा ताक घ्यावे. मग स्टेशनबाहेरच्या वडापावच्या गाडीवर हात आपोआप जात नाही आणि घरी आल्यावर एक फुलका, भाजी आणि वरण एवढ्यावर जेवण भागते. भात टाळायलाच हवा असे नाही. फुलक्याऐवजी वाटीभर भात चालतो, फुलक्यानंतर मात्र नाही.

चालणे किती कामाचे

सत्तर किलोच्या माणसाने तासभर झपझप चालल्यावर साधारण अडीचशे ते तीनशे कॅलरी खर्च होतात आणि एका वडापावात त्या परत येतात. म्हणून नुसत्या चालण्यावर वजन उतरवू पाहणारे वर्षानुवर्षे तेवढेच राहतात. तरीही आठवड्याला किमान दीडशे मिनिटे चालावेच. हृदयासाठी, साखरेसाठी आणि उतरलेले वजन पुन्हा न चढण्यासाठी ते लागते. आठवड्यातले दोन-तीन दिवस मात्र स्नायूंना द्यावेत. व्यायामशाळा नसली तरी बैठका, भिंतीला टेकून काढलेले जोर आणि पाठीवर पुस्तकांची पिशवी घेऊन जिना चढणे एवढ्याने सुरुवात होते. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठावे-बसावे.

काटा थांबला तर

दोन-तीन महिन्यांनी वजन एका आकड्यावर अडून बसते. शरीर हलके झाले की त्याला चालवायला लागणारे इंधनही कमी होते, त्यामुळे ज्या ताटाने पहिले पाच किलो उतरवले त्याच ताटावर पुढचे पाच उतरत नाहीत. स्त्रियांत पाळीच्या आसपास अंगात पाणी साचून काटा किलो-दीड किलो वर दिसू शकतो, म्हणून एका आठवड्यावरून निष्कर्ष काढू नये. चार आठवड्यांचे आकडे एकाखाली एक मांडावेत आणि शेजारी कंबरेचा घेर लिहावा. घेर कमी होत असेल आणि वजन थांबले असेल तर काहीही बदलू नये.

दोन्ही थांबले असतील तर लगेच पोळी कमी करण्याआधी सुरुवातीची मोजणी पुन्हा करावी. बहुतेक वेळा काय झालेले असते, तर मापाचा चमचा कुठे तरी हरवलेला असतो आणि फोडणी पुन्हा बुधलीतून धारेने पडू लागलेली असते, कोशिंबीर वाटीवरून दोन चमच्यांवर आलेली असते, आणि दिवाळीचा चिवडा संपला तरी त्याचा डबा ओट्यावरच राहून त्यात फरसाण भरले गेलेले असते. फरसाणाचा डबा वरच्या फळीवर ठेवावा, नवा चमचा आणावा आणि चालू तेलाच्या पिशवीवर कोणत्या दिवसाची तारीख आहे ते पाहावे. नसेल तर आजची लिहावी.